एकेचाळिसाव्या पानापासून

१

मंगळवारी सकाळी भिंगबाईंच्या टेबलावर मुखपृष्ठाचं प्रूफ आलं आणि त्यावर एक नाव जास्त होतं.

भिंगबाई त्या प्रकाशन संस्थेच्या मुद्रितशोधक. छापायला जाणारा मजकूर ओळ न् ओळ तपासायचा, चुका लाल शाईनं दुरुस्त करायच्या, हे काम त्या तीस वर्षं करत होत्या. त्यांच्या हातून चूक सुटत नाही असा लौकिक होता, म्हणून हे नाव पडलेलं. लौकिक पूर्ण खरा नव्हता, पण ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

लेखिकेच्या सातही कादंबऱ्या आता एकत्र, सात खंडांत निघणार होत्या. टेबलावरचं मुखपृष्ठ पहिल्या खंडाचं, ‘मापाची वही’चं. वर लेखिकेचं नाव, आणि त्याखाली तेवढ्याच टपोऱ्या अक्षरात तिच्या नवऱ्याचं. नवरा प्राध्यापक होता आणि त्याला जाऊन पाच वर्षं झाली होती.

भिंगबाई प्रूफ घेऊन तडक धाकट्या मालकांच्या खोलीत गेल्या. धाकटे मालक पंचेचाळिशीचे, पण थोरले जाऊन दहा वर्षं झाली तरी हे अजून धाकटेच.

“हे कुणी घातलं?”

“मीच. बसा ना, बाई.”

“उभी बरी आहे.”

मालकांनी एक मासिक पुढे सरकवलं. “वाचलं नाही का? सगळीकडे हीच चर्चा आहे.”

लेख एका नावाजलेल्या समीक्षकाचा होता. हा समीक्षक त्या प्राध्यापकाचा लाडका विद्यार्थी. सरांच्या बहिणीच्या घरी जुन्या कागदांत त्याला एक बाड सापडलं होतं. ‘मापाची वही’ जशीच्या तशी, आणि अक्षर सरांचं. लिहिली होती कॉलेजच्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर, आणि प्रश्नपत्रिकांवरची तारीख पुस्तक निघण्याच्या दोन वर्षं आधीची होती. पहिली चाळीस पानं दुर्दैवानं वाळवीनं खाल्ली, असंही त्यानं लिहिलं होतं. निष्कर्ष उघड होता. कादंबरी सरांची, नाव बायकोचं. उरलेल्या सहा कादंबऱ्या म्हणजे सरांच्या हाताखाली झालेल्या शिकवणीचं फळ. त्याखालीच, सरांवरचं त्याचं पुस्तक लवकरच येत असल्याची चौकट होती.

“आणि तुम्ही मानलंत?”

“अक्षर त्यांचंच आहे हो. मी स्वतः लेखिकाबाईंना विचारलं. त्याही म्हणाल्या, अक्षर ह्यांचंच.”

“आणखी काय म्हणाल्या?”

“काहीच नाही. गप्प बसल्या.” मालकांनी खांदे उडवले. “कर नाही त्याला डर कशाला, बाई? माणूस खरा असला तर बोलतो.”

भिंगबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिंपीण, मीटर वाचणारी, इस्पितळातली परटीण, नकाशे काढणारी: लेखिकेनं प्रत्येक कादंबरीत एका बाईच्या हाताला एक काम दिलं होतं. त्यासाठी ती प्रत्येक वेळी वर्षभर त्या कामाच्या जागी जाऊन बसली होती. हे सगळं भिंगबाईंनी चार-चार वेळा वाचलं होतं. आणि आता एक बाड सापडलं म्हणून सात पुस्तकांची साक्ष रद्दीत गेली.

“मुखपृष्ठ छपाईला कधी?”

“शुक्रवारी दुपारी.”

“तोवर ते बाड माझ्याकडे द्या.”

“त्यात काय शोधणार?”

“चुका,” भिंगबाई म्हणाल्या. “दुसरं काय येतं मला?”

२

बाड सुतळीनं बांधलेलं होतं. भिंगबाईंनी ते घरी नेलं, जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं आणि खिडकीच्या उजेडात पान न् पान लावलं. एकेचाळीसपासून दोनशे अडुसष्टपर्यंत.

पहिली गोष्ट त्यांना लगेच खटकली. वाळवी चाळीस पानं फस्त करते आणि एकेचाळिसाव्याला तोंडही लावत नाही, एवढी शिस्तीची वाळवी त्यांनी बघितली नव्हती. शिवाय शेवटच्या पानाच्या पाठीवर सुतळीचा जुना, खोल काच होता. वरच्या, म्हणजे एकेचाळिसाव्या पानावर तो नव्हता. धूळही नव्हती. हे पान वर्षानुवर्षं कशाच्या तरी खाली होतं.

दुसरी गोष्ट. एकही खाडाखोड नाही. बरं, ही पक्की प्रत असेल म्हणावं, तर प्रत्येक पानाला शाई वेगळी. एक निळं, पुढचं काळं, त्यापुढचं पुन्हा निळं. वाक्य अर्ध्यावर असलं तरी पान संपलं की माणूस थांबलेला. एका बैठकीत एकच पान. अक्षर वरच्या ओळींना सरळ, खाली खाली दमलेलं. कादंबरी सुचलेला माणूस असा मोजूनमापून लिहीत नाही.

तिसरी गोष्ट अठ्ठेचाळिसाव्या पानावर होती.

‘तिनं उजव्या हातात कात्री घेतली.’

भिंगबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्रेपन्नावं पान, एकोणसाठावं. उजव्या, उजव्या, उजव्या.

त्या उठल्या आणि घोटभर पाणी प्यायल्या. लेखिकेनं ‘उजव्या’ लिहिलंच नव्हतं. प्राध्यापकानंही नाही. तो शब्द कुणी लिहिला हे भिंगबाईंना नक्की ठाऊक होतं, आणि ते आजवर त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

३

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ‘मापाची वही’ची प्रुफं तपासताना भिंगबाईंना एक विसंगती सापडली. शिंपीण सुरुवातीला डाव्या हातानं कात्री चालवते आणि लग्नानंतरच्या प्रकरणांत उजव्या. नवी लेखिका, गोंधळली असेल, असं त्यांनी स्वतःशीच ठरवलं. विचारायची तसदी घेतली नाही. लाल शाईनं सुरुवातीच्या सगळ्या ‘डाव्या’चं ‘उजव्या’ केलं आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिल्या.

पुस्तक छापून आल्यावर लेखिका ऑफिसात आली. आवाज न चढवता थोरल्या मालकांना म्हणाली, “ती मुलगी डावखुरी आहे. सासरी गेल्यावर उजव्या हातानं काम करायला लागते. पुस्तकात त्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. पुस्तक तेवढ्यासाठीच लिहिलंय मी.”

थोरले मालक भडकले आणि सापडला तो जुळारी. मजकुराची अक्षरजुळणी करणारा तो शांत माणूस, कॉम्प्युटर आल्यावरही सगळे त्याला जुळारीच म्हणायचे. “जे समोर होतं तेच मी जुळवलं,” एवढंच तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. भिंगबाई दाराशी उभ्या होत्या आणि गप्प राहिल्या. लाल शाईची प्रुफं त्यांनी संध्याकाळी पिशवीत घालून घरी आणली. महिन्याभरात जुळारी नोकरी सोडून गेला. तीन वर्षांनी दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा ‘डाव्या’ पुन्हा ‘डाव्या’ झालं, आणि तेव्हापासून भिंगबाई स्वल्पविरामही लेखिकेला विचारल्याशिवाय हलवत नसत.

ती प्रुफं अजून कपाटात, हिवाळ्याच्या कपड्यांखाली होती.

बुधवारी त्या लेखिकेकडे गेल्या. चौथा मजला, लिफ्ट नाही. लेखिकेनं दार उघडलं, पाणी दिलं आणि समोर बसली.

“तुम्ही गप्प का?” भिंगबाईंनी विचारलं.

“काय सांगू? मी लिहिलं म्हणून सांगू?” लेखिका म्हणाली. “ते तर सात वेळा छापलंय, नावासकट. बायकोच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा असता तर प्रश्न पडलाच नसता. मला विचारायला आले ना, तेव्हा उत्तर घेऊनच आले होते.”

“पण त्यांनी हे कधी लिहिलं, तुम्हाला ठाऊक नाही?”

“अंदाज आहे. पुस्तक येऊन दीड वर्ष झालं होतं. ह्यांना झटका आला, उजवी बाजू गेली. हे चार जिने चढणं शक्य नव्हतं, म्हणून वन्संकडे राहिले. मी नोकरीवरून रोज संध्याकाळी जायचे. हाताला व्यायाम म्हणून काहीतरी उतरवून काढायचे, पण मी गेले की कागद उशीखाली. विचारलं तर म्हणायचे, पेपरातल्या बातम्या उतरवतोय.” तिनं पाण्याचा रिकामा पेला उचलला. “हे मी त्या समीक्षकाला सांगायचं? तो म्हणेल, बघा, आता आजारी माणसाचंही श्रेय खाते.”

“आजारपणातलं अक्षर असं सरळ नसतं,” भिंगबाई हळूच म्हणाल्या.

“तेच ना. हे बाड सुरुवातीपासून सरळ आहे. म्हणून तर माझीही बोलती बंद.”

भिंगबाईंना जिना उतरताना एकदम कळलं, वाळवीनं चाळीसच पानं का खाल्ली.

४

प्राध्यापकाची बहीण तळमजल्यावर एकटीच राहत होती. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत.

“ते बाड ना? मीच दिलं त्या पोराला. दादाचा विद्यार्थी तो. दादाची आठवण म्हणून काहीतरी द्या म्हणाला.”

“ताई, ते तुमच्या दादांनी कधी लिहिलं?”

“इथंच की. ह्या खिडकीत बसून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज एक पान उतरवा, हात परत येईल. मी म्हटलं, पेपर घे. तर नाही, वहिनीचंच पुस्तक पाहिजे. नऊ महिने बसला. कॉलेजच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा होता, त्याच्या पाठीवर. नवा कागद वाया घालवायचा नाही म्हणे.”

दोनशे अडुसष्ट पानं, नऊ महिने. भिंगबाईंनी मनातल्या मनात भागाकार केला.

“सुरुवातीची पानं कशी होती?”

“बघवत नव्हती हो. एकेक अक्षर लिंबाएवढं, आणि तेही तिरकं. महिन्याभरानं कुठं वळणावर आलं.”

“आणि ती पानं तुम्ही दिलीत?”

“दिली म्हणजे? पहिल्यापासून शेवटपर्यंत, इतकी वर्षं सुतळीनं बांधलेलं होतं तसंच माझ्या हातानं दिलं. सगळं सांगितलं पण त्याला, झटका, डॉक्टर, सगळं.” म्हातारी पुढे झुकली. “का हो? काय झालं?”

मासिकात आठ पानी लेख आला होता, चर्चा झडल्या होत्या, मुखपृष्ठ बदललं होतं. आणि ज्या घरात बाड लिहिलं गेलं त्या घरची घंटा वाजवायला कुणाला फुरसत झाली नव्हती. भिंगबाईंनी संतापानंच ते सगळं ताईंना सांगितलं.

आता प्रश्न एकच उरला. पानं काढली कुणी? बाड समीक्षकाकडून आलं होतं खरं, पण आठ दिवस ते धाकट्या मालकांच्या कपाटात होतं. वाद पेटला की पुस्तक गाजतं, हे मालकांनाही कळत होतं. समीक्षक सहज म्हणेल, माझ्याकडे होतं तेव्हा पूर्ण होतं.

गुरुवारी भिंगबाईंनी आपल्याला येतं ते काम केलं. समीक्षकाच्या लेखात हस्तलिखितातली म्हणून बारा अवतरणं होती. प्रत्येक अवतरण मुळाशी ताडून बघायचं, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. अकरा जागच्या जागी सापडली. उरलेल्या एकासाठी त्यांनी बाड दोनदा चाळलं.

ते त्यात नव्हतं.

५

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता धाकट्या मालकांच्या खोलीत चौघं बसली. मालक, समीक्षक, लेखिका आणि भिंगबाई. समीक्षक पन्नाशीचा, नीटनेटका, मांडीवर चामडी बॅग. लेखिकेला त्यानं वाकून नमस्कार केला, तिनं मान हलवली.

“हे बाड छापील पुस्तकावरून उतरवलेलं आहे,” भिंगबाईंनी सुरुवात केली. “पहिल्या आवृत्तीवरून. तीत एक चूक होती. शिंपीण सुरुवातीला डावखुरी हवी, ती उजवी झाली होती. बाडातही ती उजवीच आहे.”

समीक्षक हसला. “उलट हा माझाच पुरावा आहे, बाई. सरांनी उजवी लिहिली, म्हणून पहिल्या आवृत्तीत उजवी आली. पुढे यांनी बदल करून डावी केली.”

मालकांनी भिंगबाईंकडे बघितलं. मुद्दा बिनतोड वाटत होता, आणि त्याला उत्तर एकच होतं. भिंगबाईंनी पिशवीतून पिवळ्या पडलेल्या प्रुफांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला.

“ही पहिल्या आवृत्तीची प्रुफं. यांच्या हस्तलिखितावरून जुळवलेली. बघा. छापलंय ‘डाव्या’. लाल शाईत ‘उजव्या’ केलंय. ते अक्षर माझं आहे.” त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. “चूक मी केली. न विचारता. जुळाऱ्यानं जे होतं तेच जुळवलं होतं. थोरल्या मालकांनी त्याला धारेवर धरलं तेव्हा मी दाराशी उभी होते आणि तोंड उघडलं नाही. त्यामुळे हा शब्द पुस्तक छापण्याआधीच्या कुठल्याही कागदावर असूच शकत नाही. हा शब्द माझा आहे.”

धाकटे मालक प्रूफ हातात घेऊन एकदा लाल शाईकडे, एकदा बाईंकडे बघत राहिले.

“असेल,” समीक्षक सावरून म्हणाला. “माझी दिशाभूल झाली असेल. मला मिळालं ते मी मांडलं. सुरुवातीची पानं नव्हती, नाहीतर कदाचित—”

“तुमच्याकडे ‘मापाची वही’ची कुठली आवृत्ती आहे?”

“पाचवी. पहिली मिळते कुठे? मी ती जन्मात पाहिलेली नाही.”

“मग तुमच्या लेखातलं आठवं अवतरण कुठून घेतलंत?” भिंगबाईंनी मासिक उघडलं आणि वाचलं. “‘तिनं उजव्या हातानं कात्री उचलली आणि कापडाला विचारल्यासारखी थांबली.’ हे वाक्य पहिल्या प्रकरणात आहे. पाचव्या आवृत्तीत ‘डाव्या हातानं’ आहे. बाडात ते कुठेच नाही. पानं मोजली तर ते विसाव्या-बाविसाव्या पानाच्या आसपास पडतं. म्हणजे वाळवीनं खाल्लेल्या पानांत.”

समीक्षकानं मांडीवरची बॅग जवळ ओढली.

“लेख छापून आला तेव्हा बाड या ऑफिसात पोचलंही नव्हतं. तेव्हा सगळी पानं फक्त तुमच्याच हातात होती. आधी तुम्ही सगळं वाचलंत, टिपणं काढलीत. मग ताईंनी सांगितलेलं आठवलं. लिंबाएवढी वाकडी अक्षरं बघून कुणीही विचारलं असतं, कादंबरी लिहायला घेताना प्राध्यापकांचा हात असा का होता? म्हणून ती पानं गेली. टिपणातलं एक वाक्य तेवढं लेखात राहून गेलं.”

समीक्षकानं बॅगेचं बक्कल सोडलं. मग त्यानं ती उघडली. आत प्लास्टिकच्या फाइलमध्ये चाळीस पानं होती.

“फाडून टाकणार होतो,” तो म्हणाला. “सरांचं अक्षर फाडवेना.”

“आणि माझं नाव?” लेखिकेनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. “ते फाडवलं?”

“मला खरंच वाटलं होतं, की इतकं मोठं लिहिणं... सरांसारख्या माणसालाच...”

“तुम्ही समीक्षक आहात ना? मग तुमच्या बाडात तो हात बदलतच नाही, हे कसं दिसलं नाही तुम्हाला? मुलगी पहिल्यापासून उजवी, शेवटपर्यंत उजवी. म्हणजे त्या गोष्टीत काही घडतच नाही. पुस्तकाचा जीव काढून घेतलेली ती प्रत होती आणि तुम्हाला ती जास्त थोर वाटली, कारण अक्षर पुरुषाचं होतं.” ती मालकांकडे वळली. “आणि तुम्ही. सात पुस्तकं छापलीत माझी. त्यातल्या एकाही पानावर विश्वास बसला नाही. शेवटी बसला कशावर, तर एका चुकीवर. चूक झाली नसती तर आज दोन नावं छापली गेली असती.”

“बाई, मी...” मालकांनी पेन उचललं. त्यांनी मुखपृष्ठाचं प्रूफ ओढलं आणि खालचं नाव स्वतःच्या हातानं खोडलं.

“पुढच्या अंकात मी खुलासा लिहीन,” समीक्षक पुटपुटला.

“लिहा,” भिंगबाई म्हणाल्या. “आणि आधी माझ्याकडे पाठवा. मी तपासून देईन.”

६

समीक्षक गेला, मालक छपाईवाल्याला फोन लावायला बाहेर गेले. लेखिकेनं फाइलमधलं पहिलं पान काढलं. त्यावर जेमतेम सहा ओळी मावल्या होत्या. अक्षरं एकमेकांवर कोसळलेली, शाईचे ठिपके पडलेले. सगळ्यात वर, कादंबरी सुरू होण्याआधी, प्राध्यापकानं त्याच मोडक्या अक्षरात लिहिलं होतं:

‘रोज एक पान. पुस्तक हिचं, हात माझा.’

लेखिकेनं ते दोनदा वाचलं. “पेपरातल्या बातम्या म्हणे,” ती म्हणाली. डोळे पुसायला तिनं पदर शोधला नाही, सरळ तळहातानं पुसले.

भिंगबाई एक कागद घेऊन आल्या होत्या. तो त्यांनी संकोचून पुढे केला. “पहिल्या खंडाच्या शेवटी एवढं छापावं म्हणते. तुम्हाला विचारल्याशिवाय घालणार नाही.”

कागदावर लाल शाईत दोन ओळी होत्या. ‘पहिल्या आवृत्तीत नायिकेच्या हाताबाबत झालेली चूक मुद्रितशोधकाची होती. ती अक्षरजुळणी करणाऱ्यांची नव्हती.’

लेखिकेनं वाचलं. “मला शंका होती,” ती म्हणाली. “जुळारी खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. मीही तेव्हा विचारलं नाही. माझं पुस्तक बिघडलं याच दुःखात होते.” मग तिनं टेबलावरचं लाल पेन उचललं आणि दुसऱ्या ओळीतल्या ‘अक्षरजुळणी करणाऱ्यांची’ या शब्दांखाली रेघ मारली.

“इथं त्यांचं नाव घाला.”

“नाव?”

“पूर्ण. आडनावासकट, टपोऱ्या अक्षरात. आणि छापण्याआधी त्यांचा पत्ता शोधा. त्यांना स्वतः जाऊन विचारा, नाव बरोबर लिहिलंय का म्हणून.”

भिंगबाईंनी पेन घेतलं. त्या माणसाला सगळे जुळारीच म्हणायचे, पण नाव त्यांना बावीस वर्षं पाठ होतं. त्यांनी ते सावकाश, एकही खाडाखोड न करता लिहिलं, आणि पत्ता शोधायला निघाल्या.